क्यू खाली आहे

किस्से कुणी साठवायचे म्हणून साठवत नाही. एखादी गोष्ट घडते, त्या दिवशी आपण लाजेने अर्धमेले झालेलो असतो, घरी येऊन कुणाला काही सांगत नाही. मग दुसरी घडते. मग तिसरी. आणि एक दिवस भिशीत कुणीतरी विचारतं, "तुमच्या त्या ऑफिसात नेमकं काय चालायचं हो?" की सगळ्या धडाधड बाहेर पडायला लागतात. बायका पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? माझे कान अजूनही गरम होतात.

हे सगळं चंडीगडचं. नवरा फौजेत, पोस्टिंग तेव्हा चंडीमंदिरला होती. मी सांगलीची, शिक्षण एम. ए. मराठी. कॅन्टोन्मेंटमधल्या लेडीज मीट आणि पुष्परचना यांचा कंटाळा आला, तेव्हा सेक्टर चौतीसमधल्या एका ऑफिसात नोकरी धरली. लग्नं जुळवणारी वेबसाइट! माझं काम एकच, मेंबर लोकांचे फोन घ्यायचे. म्हणजे चूक कॉम्प्युटरने करायची आणि माफी मी मागायची.

मालक होते सोढी सर. आधी त्यांचा एसटीडी बूथ होता. मोबाइल आले, बूथ बसला, तिथेच सायबर कॅफे निघाला. मग कॅफेच्या वरच्या मजल्यावर ही वेबसाइट. सर अभिमानाने सांगायचे, "मैडम जी, पहले आवाज़ पहुँचाते थे, अब रिश्ते पहुँचाते हैं!"

आणखी दोघं होती. हरप्रीत हा प्रोग्रॅमर, जवळच्या खरड गावाहून बसने यायचा, बोलायचा फार कमी. आणि त्याच्या मदतीला केतकी लिमये, युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या लिमये सरांची मुलगी. ती जन्मली, वाढली चंडीगडलाच. आपण मराठीत विचारलेलं तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

*

सुरुवातीला वेबसाइट सगळी कामं स्वतःच करायची. 'रिश्ता भेजें' हे बटण दाबलं, की ईमेल जाणार, एसएमएस जाणार, आणि हे सगळं होईपर्यंत पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राहणार. पिंजौरचे एक गृहस्थ होते, त्यांनी मुलासाठी बटण दाबलं. घड्याळ फिरतंय. त्यांना वाटलं, दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबलं. चहा पिऊन आले, पुन्हा दाबलं. आणि प्रत्येक वेळी पटियाळ्याच्या त्याच मुलीकडे तेच स्थळ नव्याने गेलं!

मुलीच्या वडिलांचा फोन आला. मी हॅलोच्या आधी माफी मागायला सुरुवात केली.

"माफ़ी किस बात की जी?" ते म्हणाले. "आजकल के लड़के एक बार पूछकर भूल जाते हैं. इसने सुबह से चैन नहीं लेने दिया. लड़का सिंसियर है!"

लग्न झालं. लाडू ऑफिसात आले. मी ते मान खाली घालून खाल्ले.

*

त्यानंतर हरप्रीतने क्यू बसवला. क्यू म्हणजे रांग, हे मलाही माहीत होतं. पण कॉम्प्युटरमध्ये रांग कशाची? हरप्रीतने समजावलं, "मैडम जी, ढाबे पर वेटर खुद रोटी नहीं बेलता. पर्ची टाँगता है और अगले टेबल पर चला जाता है." म्हणजे मेंबरने बटण दाबलं, की वेबसाइटने फक्त एक पर्ची, म्हणजे चिठ्ठी, रांगेत लावायची आणि मेंबरला मोकळं करायचं. मागे बसलेले 'वर्कर' एकेक पर्ची उचलणार आणि मेसेज पाठवणार. वर्कर म्हणजे छोटे प्रोग्रॅम, तीन कॉम्प्युटरवर एकेक. एक अडला तर पुढची पर्ची दुसरा उचलतो. मला पटलं. सांगलीच्या खानावळीतही असंच चालतं.

सोढी सरांनी दारातून एवढंच ऐकलं की हरप्रीतने तीन वर्कर लावलेत.

दिवाळीला सर मिठाईचे डबे घेऊन आले. आम्हाला एकेक दिला आणि वर आणखी तीन ठेवले. "यह वर्करों के लिए. बेचारे दिन-रात लगे रहते हैं, मैंने तो आज तक शक्ल भी नहीं देखी."

केतकीने टेबलाखालून मला लाथ मारली. इतक्या प्रेमाने आणलेले डबे, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? कुणीच सांगितलं नाही. एकेक डबा आम्ही घरी नेला. नवऱ्याने विचारलं, "दोन दोन डबे? प्रमोशन झालं की काय?" मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "वर्करों को मिठाई पसंद आई? एक बार मिलवा तो दो!"

हरप्रीत खाली बघत म्हणाला, "सर, वो बैकग्राउंड में ही रहते हैं."

सर गंभीर झाले. "अच्छे लोग हैं," म्हणाले.

*

तिसरा वर्कर खालच्या कॅफेतल्या कॉम्प्युटरवर होता. त्याची एक काळी खिडकी पडद्यावर सतत उघडी असायची. गिऱ्हाइकांना वाटायचं व्हायरस आहे, ते ती बंद करून टाकायचे. अर्धी स्थळं वाटेतच लटकायची! शेवटी हरप्रीतने त्यावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला : 'इस कंप्यूटर को न छेड़ें. रिश्ता जा रहा है.'

एक आजी नातीबरोबर कॅफेत यायच्या. नात तिचं काम करायची आणि आजी त्या कॉम्प्युटरपुढे उभ्या राहून हात जोडायच्या. कॅफेतली मुलं खिदळायची. मी एकदा शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "माताजी, यह तो मशीन है."

"पता है पुत्तर," त्या म्हणाल्या. "पर पोती का रिश्ता इसी रास्ते से जा रहा है ना? रास्ते को हाथ जोड़ने में क्या जाता है?"

मी जिना चढून वर आले. कुणाला काही सांगितलं नाही.

*

आता रीट्राय. मेसेज गेला नाही, तर वर्कर ती पर्ची पुन्हा रांगेत लावतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. चांगली सोय आहे. पण एकदा असं झालं, की मेसेज जात होता, फक्त 'पोचला' असा निरोप आमच्याकडे परत येत नव्हता. वर्करला वाटलं गेलाच नाही. त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा. पुन्हा. प्रामाणिक वर्कर!

मेसेज होता, 'खेद है, लड़की वालों ने मना कर दिया है.'

दुपारी एक तरुण जिना चढून वर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा, म्हणजे कामावरून तसाच आलेला. समोर बसला. मी माफीची टेप सुरू केली. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. माझी माफी संपायच्या आत तो वाजला. मी थांबले. पुन्हा सुरू केली. पुन्हा वाजला.

"मैडम जी, बंद करवा दो," तो हळू आवाजात म्हणाला. "मैं समझ गया. मैं तो पहली बार में ही समझ गया था."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हरप्रीतने उठून आधी वर्कर बंद केला. मग स्वतः चहा आणून त्या मुलाला दिला, आणि जिन्यापाशी दोघं कितीतरी वेळ बोलत उभे राहिले. हरप्रीतला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तो परत आल्यावर केतकीने विचारलं, "क्या कह रहा था?"

"कुछ नहीं," हरप्रीत म्हणाला. "अच्छा लड़का है."

*

केतकीसाठी नाशिकचं स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, घर चांगलं. मुलाच्या आईची अट एकच, सुनेला मराठी बोलता यायला हवं. लिमये सर मला म्हणाले, "तुम्ही मराठीच्या एम. ए., आता तुमच्यावरच सगळं आहे." मी फुगले! ऑफिसात केतकीने माझ्याशी फक्त मराठीत बोलायचं, असं ठरलं.

पोरगी मेहनती होती. जो शब्द अडेल तिथे बेधडक हिंदी शब्द ठेवायचा आणि त्याला मराठी शेपूट जोडायचं, ही तिची पद्धत. नाशिकच्या काकूंचा पहिला फोन आला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. केतकी अदबीने म्हणाली, "काकू, माझी सगळी शिक्षा चंडीगडलाच झाली."

पलीकडून काकू म्हणाल्या, "अगं बाई! कशाबद्दल?"

"कॉम्प्युटरसाठी!" केतकी म्हणाली.

मला टेबलाखाली लपावंसं वाटलं. माझी विद्यार्थिनी ती!

नंतर एकदा तिने मला विचारलं, "ताई, मराठीत मना कसं करतात?"

मी शिकवण्याच्या भरात होते. म्हटलं, "आपल्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'कळवते' म्हणायचं."

"आणि कळवायचं कधी?"

"कधीच नाही."

हिला हे आत्ताच कशाला हवंय, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उलट 'कळवते' मधल्या 'ळ'चा उच्चार घोटून घेतला.

*

हरप्रीतचं टेस्टिंग हा तर आमच्या चेष्टेचा कायमचा विषय. क्यूमध्ये काही बदल केला की तो एक खोटा मेसेज सोडून बघायचा. खऱ्या मेंबरचं नाव कसं वापरणार? म्हणून मुलाच्या जागी स्वतःचं नाव आणि मुलीच्या जागी केतकीचं. मग दोघांच्या मोबाइलवर टुंग, 'बधाई हो! केतकी ने हरप्रीत का रिश्ता कबूल किया है.'

पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदाही हसलो. पण क्यू मस्त चालू लागला तरी याचं टेस्टिंग संपेना!

"हरप्रीत, अब कितनी टेस्टिंग?" मी विचारायची.

"मैडम जी, सिस्टम पक्का होना चाहिए," तो म्हणायचा.

आणि केतकी? साध्या रिंगटोनवर वैतागणारी ती मुलगी या टुंगबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही.

नाशिकचं स्थळ आलं आणि टेस्टिंग बंद पडलं. मी म्हटलं, "हो गया सिस्टम पक्का?"

"नहीं मैडम जी," तो म्हणाला. "बस, छोड़ दिया."

मला वाटलं, सिस्टमबद्दल बोलतोय!

*

आता तो रविवार. ज्या दिवशी नाशिकची मंडळी केतकीला बघायला तिच्या घरी आली, तो.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. झालेल्या प्रत्येक कामाची पर्ची हरप्रीत बाजूला जपून ठेवायचा. कधी क्यू डाऊन झाला, म्हणजे कोसळला आणि रांगेतल्या पर्च्या हरवल्या, तर बाजूच्या सगळ्या पुन्हा रांगेत लावायच्या. काहींना मेसेज दोनदा जाईल, पण कुणाचा राहणार नाही. त्यासाठीची कमांड त्याने माझ्या मॉनिटरवर चिकटवली होती आणि बजावलं होतं, "मैडम जी, सिर्फ़ डाउन हो तब." क्यू नुसता रिकामा असेल तर हात लावायचा नाही. रिकामा म्हणजे सगळी कामं झाली, आनंद आहे! आणि जुन्या पर्च्या वेळोवेळी काढून टाकायचं काम हरप्रीतचं. पण अलीकडे त्याचं कामात लक्ष नव्हतं. त्या तशाच साठत गेल्या होत्या.

रविवारी आमच्याकडे गर्दी जास्त, म्हणून मी ऑफिसात. हरप्रीतने तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतलेली. दुपारी आंधी आली, धुळीने सगळं सेक्टर पिवळं झालं, वीज गेली आणि आली. मग मेंबरांचे फोन सुरू, मेसेज येत नाही म्हणून. (आंधीत एसएमएस थोडा वेळ अडकले होते, एवढंच; पण हे नंतर कळलं.) हरप्रीत फोन उचलेना. त्याच्या पडद्यावरचं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी जिवावर आलं तरी केतकीच्या घरी फोन लावला. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवरून तिला क्यू दिसायचा.

"केतकी, पाहुणे आलेत माहीत आहे गं, पण एकदा क्यू बघ. काय झालंय?"

तिच्या आईने तिला शपथ घातली होती, आज तोंडातून एकही हिंदी शब्द निघता कामा नये. बटणांचा आवाज आला. मग बाहेरच्या खोलीपर्यंत जाईल अशा खणखणीत मराठीत ती म्हणाली, "ताई, क्यू खाली आहे!"

सांगलीच्या माणसाला खाली म्हणजे खाली. डाऊन!

"पूर्ण?" मी घाबरून विचारलं.

"हो! एकदम खाली!" आवाजात केवढा आनंद. मला वाटलं, पाहुण्यांपुढे भीती दाखवत नाहीये. धीराची पोर! मी फोन ठेवला आणि मॉनिटरवरची कमांड चालवली.

साठलेल्या सगळ्या पर्च्या रांगेत लागल्या. तिन्ही वर्कर कामाला लागले. अच्छे लोग!

पहिला फोन अंबाल्याहून. "मैडम जी, मैसेज आया है कि मेरा रिश्ता कबूल हो गया. पर मेरी शादी हो चुकी है! और इससे नहीं हुई! घरवाली ने पढ़ लिया है!" त्याच्यामागून घरवालीचा आवाजही येत होता. दुसरा फोन, तिसरा फोन. मग एकाने नुसतंच "मैडम जी" म्हटलं आणि मी आवाज ओळखला. इस्त्रीचा शर्ट! त्याला पुन्हा कळवण्यात आलं होतं, की लड़की वालों ने मना कर दिया है.

"बेटा, काय सांगू..." मी चक्क मराठीत रडकुंडीला आले.

"कोई बात नहीं जी," तो म्हणाला. "मैं अपनी मँगनी में बैठा हूँ. बस इधर सबको समझा दो." मी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांची फोनवर माफी मागितली.

हे थांबवणार कोण? कमांड मला एकच येत होती, आणि केतकीच्या घरी आता फोन कुणी उचलेना. स्कूटर काढली आणि त्या धुळीत लिमये सरांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. टेबलावर पोहे, शिरा. नाशिकच्या काकू नारायणपेठी नेसून बसलेल्या, शेजारी त्यांचा मुलगा. सगळे एकाच गोष्टीकडे बघत होते, केतकीच्या मोबाइलकडे. तो शिऱ्याच्या ताटलीशेजारी टुंग टुंग करत सरकत चालला होता. बंद करावा म्हणून लिमये सरांनी तो उचलला, आणि जन्मभराची सवय, वर्गात वाचावं तसा मोठ्याने वाचला. "बधाई हो. केतकी ने हरप्रीत का रिश्ता कबूल किया है."

टुंग. त्यांनी पुढचाही वाचला. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाले, "मजकूर एकच आहे. पण फार आहेत."

मी दारात उभी, केसांत धूळ. घोटाळा कुठे झाला ते मला वाटेतच उमगलं होतं. "अगं, खाली काय म्हणालीस? रिकामा म्हणायचं ना!"

केतकी गोंधळली. "पण ताई, खाली म्हणजे रिकामाच ना?"

"खाली म्हणजे खाली," नाशिकच्या काकूंनी निकाल दिला.

केतकी कॉम्प्युटरकडे धावली, क्यू थांबवायला. मी हात जोडून काकूंना सगळं सांगितलं, क्यू, पर्च्या, वर्कर, टेस्टिंग. ज्या ज्या गोष्टीची लाज वाटावी ते सगळं. शेवटी म्हटलं, "हे मेसेज खोटे आहेत. त्यांना काही अर्थ नाही."

केतकीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ते वाक्य मला तोंडात परत घ्यावंसं वाटलं.

आणि दार उघडं असूनही कुणीतरी बेल वाजवली.

दारात हरप्रीत. नवी कोरी बांधलेली पगडी, तिच्यावर रस्ताभरची धूळ, हातात मिठाईचा डबा. तब्येत अगदी ठणठणीत दिसत होती. मी कपाळावर हात मारला. हा मेसेज ज्याने स्वतः लिहिला, स्वतः पाठवला, त्यालाही कळू नये?

लिमये सर भला माणूस. त्यांनी त्याला आत घेतलं आणि समजावलं, "बेटा, यह मशीन की गलती है. देखो, वही एक मैसेज बार-बार आ रहा है."

हरप्रीतच्या खिशातही टुंग वाजलं. त्याने मान खाली घातली.

"जी सर," तो म्हणाला. "मैं तो पहली बार में ही समझ गया था."

नाशिकचा मुलगा शिऱ्याकडे बघत राहिला. मग नाशिकच्या काकू केतकीकडे वळल्या. आवाज कडक नव्हता, उलट मऊच होता. "आणि तुझं काय गं? तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी मागून ओठांनी खुणावत होते, 'कळवते, कळवते म्हण.' केतकीने ते बघितलं. पदर सावरला, काकूंना वाकून नमस्कार केला आणि खणखणीत मराठीत म्हणाली,

"काकू, जागा खाली नाही."